अंतराळाचं तिकीट किती? मुलांसोबत मांडलेला एक हिशेब



पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमालेचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो एका मुलीने विचारला, "मॅडम, पैसे भरून अंतराळात जाता येतं का? तिकीट किती असतं?" मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तुझ्या पप्पांचा टेम्पो विकला तरी नाही पुरायचं!" सगळा वर्ग हसला. तीसुद्धा हसली, पण वही मिटून बसली.

पैसे भरून जाता येतं हे खरं आहे. टेम्पो विकून पुरणार नाही हेही खरंच आहे. अशा वेळी आपण शिक्षक बहुतेकदा दोनांपैकी एक करतो. "खूप अभ्यास कर, तूही जाशील हं" असं गोड बोलून पुढे सरकतो, नाहीतर "ते श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय करायचंय" म्हणून विषय मिटवतो. पण तिने किंमत विचारली होती. म्हणून पुढचे चार तास आम्ही किंमतच काढत बसलो. त्यातून जे जमलं ते इथे देते आहे. चौथी ते आठवी कुठल्याही वर्गाला थोडं कमी-जास्त करून वापरता येईल. हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे १ डॉलर म्हणजे ८५ रुपये धरले आहेत. तुम्ही घ्याल त्या दिवशीचा दर पाहून मुलांकडून आकडे बदलून घ्या, गुणाकाराचा सराव आपोआप होतो.

आधी जायचंय कुठे ते पाहू

वर्गातला पृथ्वीगोल टेबलावर ठेवा आणि मुलांना विचारा, अंतराळवीर राहतात ते स्थानक कुठे असेल? बोटाने दाखवा. मुलं हात लांब करतात, काही जण छताकडे दाखवतात, एखादा थेट खिडकीबाहेर. आता मोजपट्टी घ्या. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. आपला गोल ३० सेंटिमीटरचा असेल तर त्यावरचा १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ४२ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं, म्हणजे गोलापासून साडेनऊ मिलिमीटरवर. करंगळी आडवी धरली तर जवळपास तेवढंच. आणि जिथून अंतराळ सुरू झालं असं जगभर मानतात ती १०० किलोमीटरची रेषा? जेमतेम अडीच मिलिमीटर! चंद्र मात्र याच मापाने ९ मीटरवर जातो, त्यासाठी एका मुलाला चेंडू घेऊन व्हरांड्यात उभं करावं लागतं.

मुंबई-पुणे रस्त्याने दीडशे किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईकराला पुण्यापेक्षा अंतराळ जवळ! फक्त रस्ता सरळ वर जातो.

ही १०० किलोमीटरची रेषा कुणी आखून ठेवलेली नाही. हवा हळूहळू विरळ होत जाते, कुठेतरी रेघ मारायची म्हणून तिथे मारली. तिला कारमान रेषा म्हणतात. अमेरिकेत मात्र ८० किलोमीटरच्या वर गेलेल्याला अंतराळवीर म्हणायची पद्धत आहे. हा फरक लक्षात ठेवा, तिकिटाच्या हिशेबात तो पुढे येणार आहे.

तरंगणं म्हणजे काय?

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा खर्च या एका गोष्टीवर उभा आहे. "अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात" असं वाक्य मुलांच्या वह्यांत सर्रास सापडतं, काही गाईडांतही असतं. खरं तर ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. मग माणसं तरंगतात कशी?

प्लास्टिकची बाटली घ्या, तळाजवळ खिळ्याने भोक पाडा, बोट धरून पाणी भरा. बोट काढलं की धार लागते. आता एका उंच मुलाला बाकावर उभं करून धार चालू असतानाच बाटली सोडून द्यायला सांगा. बाटली पडत असते तेवढा वेळ धार बंद! पाणीही पडतंय, बाटलीही पडतेय, दोघं एकाच वेगाने. मग पाणी बाटलीला ढकलणार कशाला? स्थानकातली माणसंही अशीच सतत पडत असतात, त्यांचं घरही त्यांच्यासोबत पडत असतं. मुलांनी आमच्याकडे हा प्रयोग नऊ वेळा करायला लावला, त्यामुळे तो बाहेर मैदानात घ्या हे आत्ताच सांगून ठेवते.

सतत पडत असतात, तर जमिनीवर आपटत का नाहीत? कारण ते पडता पडता इतक्या जोरात आडवे पुढे जातात की खालची गोल पृथ्वी तेवढीच वळत जाते. त्यासाठी वेग लागतो ताशी २८ हजार किलोमीटर. या वेगाने समृद्धी महामार्गाचं ७०१ किलोमीटर अंतर दीड मिनिटात संपेल.

आता तिकिटांचे दोन प्रकार सहज कळतात. पहिल्या प्रकारात दगड वर फेकावा तसं यान वर जातं आणि खाली येतं. त्याला ताशी साडेतीन-चार हजार किलोमीटरचा वेग पुरतो आणि तरंगायला मिळतात तीन-चार मिनिटं. दुसऱ्या प्रकारात पृथ्वीभोवती खरोखर फिरायचं असतं, दीड तासात एक फेरी. एक किलो वस्तू नुसती १०० किलोमीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण ३० पट ऊर्जा तिला हा फिरण्याचा वेग द्यायला लागते. दोन्हींच्या जाहिरातीत 'अंतराळ प्रवास' असंच लिहिलेलं असतं. एस.टी.च्या पुढच्या फाट्यापर्यंतच्या तिकिटात आणि काशीयात्रेत फरक असतो की नाही, तसंच हे.

शिवाय वाटेत पेट्रोल पंप नाही. सगळं इंधन सोबत न्यायचं, ते इंधन उचलायला आणखी इंधन, आणि त्यालाही आणखी. चार जणांना कक्षेत नेणाऱ्या फाल्कन ९ रॉकेटचं उड्डाणावेळचं वजन साडेपाचशे टनांच्या घरात असतं, आणि त्यातला बहुतेक भाग इंधन आणि ऑक्सिजनच.

आजवर किती पैसे मोजले गेले?

१९९० च्या डिसेंबरात तोयोहिरो अकियामा नावाचा जपानी पत्रकार सोव्हिएत संघाच्या मीर स्थानकात गेला. पैसे त्याच्या टीव्ही वाहिनीने भरले. बिचाऱ्याला तिथे भयंकर मळमळलं. (अंतराळात पहिले एक-दोन दिवस पुष्कळांना ओकारीचा त्रास होतो, जाहिरातीत हे छापत नाहीत.) पुढे त्याने नोकरी सोडली आणि फुकुशिमा भागात शेती केली. ही गोष्ट आमच्या वर्गाला रॉकेटपेक्षा जास्त आवडली.

स्वतःच्या खिशातून पैसे भरून गेलेला पहिला माणूस अमेरिकेचा डेनिस टिटो. २८ एप्रिल २००१ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी तो रशियाच्या सोयूझ यानातून स्थानकाकडे निघाला. नासाचा विरोध होता, पण रशियाला पैशांची गरज होती. तिकीट २ कोटी डॉलर, आपल्या हिशेबाने १७० कोटी रुपये. तो पावणेआठ ते आठ दिवस वर होता. २००६ मध्ये इराणात जन्मलेल्या अनुशेह अन्सारी गेल्या, स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्या त्या पहिल्या महिला. २००९ पर्यंत असे सात जण झाले. २०११ मध्ये अमेरिकेची शटल याने निवृत्त झाली, सोयूझमधल्या जागा अंतराळवीरांनाच पुरेनात आणि पाहुण्यांची सोय जवळजवळ दहा वर्षं बंद झाली.

मग आलं २०२१. ११ जुलैला रिचर्ड ब्रॅन्सन आपल्या व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीच्या यानातून सुमारे ८६ किलोमीटरवर जाऊन आले, सोबत आंध्रात जन्मलेल्या सिरिशा बांदला होत्या. २० जुलैला जेफ बेझोस आपल्या ब्लू ओरिजिनच्या कुपीतून १०० किलोमीटरच्या वर गेले. ८० की १००, यावरून दोन्ही कंपन्यांमध्ये चांगलीच जुंपली होती. आपल्या पृथ्वीगोलावर हे भांडण अर्ध्या मिलिमीटरचं आहे!

बेझोस यांच्या त्या उड्डाणातली एक जागा लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेली. सगळा प्रवास दहा-अकरा मिनिटांचा. उतरल्यावर त्यांनी अ‍ॅमेझॉनच्या कर्मचाऱ्यांचे आणि ग्राहकांचे आभार मानले, या सगळ्याचे पैसे तुम्हीच भरलेत अशा अर्थाचं ते बोलले. लोकांना ते झोंबलं. मला मात्र ते फार प्रामाणिक वाक्य वाटलं.

व्हर्जिनचं तिकीट सुरुवातीला २ लाख डॉलर होतं, मग अडीच लाख, आणि २०२१ मध्ये साडेचार लाख. म्हणजे ३ कोटी ८२ लाख ५० हजार रुपये. आता वर्गात हे गणित घाला: तरंगायला चार मिनिटं मिळाली तर एका मिनिटाला किती? जवळजवळ ९६ लाख. आणि टिटोचं? १७० कोटी भागिले सुमारे ११,४०० मिनिटं, म्हणजे मिनिटाला दीड लाखाच्या आसपास. पाव किलो घेणाऱ्याला महाग आणि पोतं घेणाऱ्याला स्वस्त, हा बाजाराचा नियम तिथेही आहे.

सगळ्यात रंगला तो तास खोलीभाड्याचा. नासाने २०१९ मध्ये स्थानकावरच्या खासगी पाहुण्यांसाठी दर जाहीर केले होते (पुढे ते वाढवले). हवा-पाण्याची यंत्रणा आणि शौचालय मिळून माणशी दिवसाला ११,२५० डॉलर. जेवण, औषधं वगैरे माणशी दिवसाला २२,५०० डॉलर. वीज युनिटला ४२ डॉलर. इंटरनेट एका जीबीला ५० डॉलर. मुलांना घरून लाईट बिल आणायला सांगा आणि युनिटचा दर शेजारी लिहा: तिथे ३,५७० रुपये. एका माणसाचं दहा दिवसांचं राहणं-खाणं काढलं तर ३,३७,५०० डॉलर, म्हणजे २ कोटी ८६ लाख ८७ हजार ५०० रुपये. यात जाण्यायेण्याचं भाडं नाही! इतकं महाग का, तर तिथे मूत्रातलं पाणीसुद्धा शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात, बाकीचं सगळं खालून पाठवायचं. हे सांगितल्यावर पुढची पाच मिनिटं वर्ग माझ्या ताब्यात नव्हता.

पुढे स्वस्त होईल का?

"विमानसुद्धा आधी महागच होतं, आता बघा" असं उत्तर मोठी माणसं सहज देऊन टाकतात. ते अर्धं बरोबर आहे. १ जानेवारी १९१४ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा अशी जगातली पहिली नियमित विमानसेवा सुरू झाली. पहिल्या फेरीची एकुलती एक जागा लिलावात ४०० डॉलरला गेली, अगदी बेझोसच्या कुपीसारखी. पण दुसऱ्या दिवसापासून तिकीट होतं ५ डॉलर. कारण खाडीला वळसा घालून जायला रेल्वेला काही तास लागत, विमान २३ मिनिटांत पलीकडे पोचवत होतं. लोकांना खरंच टॅम्पाला जायचं होतं. तरीही ती सेवा चारच महिने चालली. आपल्याकडे जे.आर.डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईच्या जुहूला विमान घेऊन आले, तेव्हा त्यात टपालाच्या थैल्या होत्या. प्रवाशांचं पुढचं पुढे.

म्हणजे रस्ता आधी मालाने पक्का होतो. अंतराळातही तेच चाललंय. शटलने एक किलो वजन कक्षेत न्यायला काही अंदाजांनुसार ५४ हजार डॉलर पडत. फाल्कन ९ ने तो खर्च तीन हजारांच्या खाली आणला. डिसेंबर २०१५ मध्ये त्याचा खालचा टप्पा, नऊ इंजिनं असलेला, उड्डाणानंतर परत येऊन जमिनीवर उभा राहिला. मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. त्याआधी मुंबईहून दिल्लीला गेलेलं विमान प्रवासी उतरवून समुद्रात टाकून द्यावं, असा व्यवहार होता. आता तो बदलला, आणि तो पर्यटकांसाठी बदलला नाही. उपग्रह पाठवणारं गिऱ्हाईक मोठं आहे म्हणून बदलला.

पण आता फळ्यावर दोन आकडे शेजारी लिहा. २००१ मध्ये टिटोचं तिकीट २ कोटी डॉलर. एप्रिल २०२२ मध्ये अ‍ॅक्सिअम कंपनीच्या पहिल्या सहलीचं तिकीट माणशी साडेपाच कोटी डॉलर असल्याचं सांगितलं गेलं, म्हणजे ४६७ कोटींच्या वर. मालाचं भाडं उतरलं आणि माणसाचं चढलं! मुलांना विचारा, का? आमच्या वर्गात चांगली उत्तरं आली. उपग्रहाला श्वास लागत नाही, जेवण लागत नाही, त्याला परत आणावं लागत नाही. माणसासाठी हवा, पाणी, शौचालय, परतीची कुपी, उष्णता सोसणारं कवच, संकटात पळून जायची सोय, कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण. एका मुलाने शेवटी म्हटलं, "आणि मॅडम, दुकान एकच असेल तर दुकानदार सांगेल तो भाव." याच्या पुढे मला काही घालता आलं नाही.

माझं मत विचाराल तर वर-खाली उडीचं तिकीट पुढे चांगल्या मोटारीच्या किमतीपर्यंत येऊ शकतं, कारण तिथे ऊर्जा कमी लागते. कक्षेतला प्रवास मात्र आज पाचवीत असलेल्या मुलांच्या हयातीतही साध्या नोकरदाराला परवडेल असं मला वाटत नाही. विमान आपल्याला टॅम्पाला नेतं, दिल्लीला नेतं. अंतराळाची सहल जिथून निघते तिथेच परत आणते, त्यामुळे तिकीट काढणारा गरजेपोटी कधीच येणार नाही, हौसेपोटीच येईल. तरंगायचीच हौस असेल त्यांच्यासाठी विमानाचा एक प्रकार आहे. ते आकाशात कमानीसारखं उडतं आणि प्रत्येक कमानीला वीस-पंचवीस सेकंद तरंगता येतं. चाकाच्या खुर्चीत आयुष्य गेलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २००७ मध्ये असे तरंगले. त्यालाही हजारो डॉलर पडतात, पण कोटींच्या भाषेतून आपण लाखांच्या भाषेत येतो.

बिलात न छापलेला खर्च

शटलची एकूण १३५ उड्डाणं झाली. दोन यानं नष्ट झाली, १४ माणसं गेली. २००३ च्या कोलंबिया अपघातात कर्नालची कल्पना चावला गेली, हे मुलांना माहीत असतं. पण १३५ पैकी २ म्हणजे किती, हे कळायला दुसरं उदाहरण लागतं. आपल्या गावातून एस.टी. रोज दोन फेऱ्या करते. तिला शटलइतकाच धोका असता तर साधारण दर ३४ दिवसांनी एक बस आतल्या सगळ्यांसह गेली असती. तुम्ही बसवलं असतं का मुलाला त्या बसमध्ये? ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी व्हर्जिनचं यान चाचणीत तुटलं आणि एक वैमानिक मरण पावला. अमेरिकेत २००४ च्या कायद्यानुसार अशा प्रवाशाला लेखी सांगावं लागतं की हे यान सुरक्षित असल्याचा दाखला सरकारने दिलेला नाही. त्यावर सही केली की मगच आत.

आणि एक गोष्ट आपण शिक्षकांनी तरी माहीत करून घ्यावी. अकरा हजारांहून जास्त अर्जांतून अमेरिकेने एका शिक्षिकेला अंतराळात पाठवायला निवडलं होतं. क्रिस्टा मॅकऑलिफ, न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेत समाजशास्त्र शिकवायच्या. वरून त्या दोन पाठ घेणार होत्या. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही जण गेले, आणि देशभरातल्या शाळांमध्ये मुलं ते टीव्हीवर थेट बघत होती. त्यांच्यासाठी राखीव म्हणून तयार ठेवलेल्या बार्बरा मॉर्गन आयडाहो राज्यात प्राथमिक शिक्षिका होत्या, आपल्यासारख्याच. त्या परत जाऊन वर्गात उभ्या राहिल्या. पुढे १९९८ मध्ये अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली आणि ऑगस्ट २००७ मध्ये त्या वर जाऊन आल्या, एकवीस वर्षांनी. हा भाग मी मुलांना वाचून दाखवला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. पालकांनी घरी सांगताना मूल किती मोठं आहे ते पाहूनच सांगावं.

दुसरा खर्च धुराचा. चुलीचा किंवा ट्रकचा धूर खालच्या हवेत असतो, पावसाने धुऊन जातो. रॉकेटची काजळी पावसाच्या ढगांच्या खूप वर सुटते आणि तिथे वर्षानुवर्षं रेंगाळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलं की अशी काजळी उष्णता धरून ठेवण्यात जमिनीवरच्या काजळीपेक्षा जवळपास ५०० पट भारी आहे. सगळी रॉकेटं सारखी नाहीत हेही सांगायला हवं. ब्लू ओरिजिनच्या त्या रॉकेटात हायड्रोजन आणि ऑक्सिजन जळतात, मागे पाण्याची वाफ उरते. व्हर्जिनच्या यानात रबरासारखं घन इंधन जळायचं, त्याची काजळी होते. आज उड्डाणं थोडी आहेत म्हणून हा धूर थोडा आहे. तिकीट स्वस्त झालं तर तो वाढणारच, म्हणजे स्वस्ताईचं बिल न गेलेल्यांच्या नावावर. 'स्टार ट्रेक'मधले नट विल्यम शॅटनर २०२१ मध्ये नव्वदाव्या वर्षी ब्लू ओरिजिनच्या कुपीतून गेले. आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. पण वरचा काळोख आणि खालची ती पातळ निळी हवा पाहून आपल्याला शोक झाला, असं त्यांनी नंतर लिहिलं.

तिकीट न काढता गेलेली माणसं

शेवटच्या तासाला आम्ही यादी केली. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले, तिकीट काढलं नव्हतं. कल्पना चावलाने काढलं नव्हतं. सप्टेंबर २०२१ मध्ये चार सामान्य नागरिक तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून आले. त्यातली हेली आर्सेनो लहानपणी हाडाच्या कर्करोगातून वाचलेली, पायात कृत्रिम हाड असलेली, वय २९. ज्या रुग्णालयात बरी झाली तिथेच ती नोकरीला होती. तिचं तिकीट एका उद्योजकाने भरलं. याउलट मे २०२४ मध्ये ब्लू ओरिजिनमधून गेलेले विजयवाड्याचे गोपी थोटाकुरा हे पर्यटक म्हणून गेले.

मग शुभांशु शुक्ला? जून २०२५ मध्ये ते अ‍ॅक्सिअमच्याच चौथ्या मोहिमेतून स्थानकावर गेले. कंपनी तीच, यान त्याच जातीचं. भारताने त्यासाठी सुमारे साडेपाचशे कोटी रुपये खर्च केल्याचं बातम्यांत आलं. उद्देश सहलीचा नव्हता. आपल्या गगनयान मोहिमेआधी एका माणसाला प्रत्यक्ष अनुभव मिळावा, हा होता. वर त्यांनी अठरा दिवस काढले आणि प्रयोग केले. साडेपाचशे कोटी भागिले एकशे चाळीस कोटी माणसं, म्हणजे दरडोई चार रुपयांच्या आसपास. "म्हणजे मॅडम, माझेपण चार रुपये?" हो, तुझेपण. तुझ्या पप्पांचेही, डिझेलवर कर भरतात ना ते.

इथून मी फक्त खडू हातात घेऊन उभी राहिले, बोलली मुलंच. ते पैसे शाळेच्या खोल्यांना द्यायला हवे होते असं म्हणणारे सात निघाले. पाठवलं ते बरं झालं म्हणणारे अकरा. दोघींनी वेगळंच काढलं: चार रुपये दिले, तर परत आल्यावर त्यांनी काय केलं हे आम्हाला कळायला नको का? त्यावरून शुक्लांनी वर कोणते प्रयोग केले ते शोधून आणायचा गृहपाठ ठरला. मूग आणि मेथीला अंतराळात कोंब आणण्याचा प्रयोग त्यात होता, म्हणून खिडकीत आम्हीही मूग भिजत घातले.

साहित्याबद्दल दोन शब्द. पृथ्वीगोल नसेल तर कलिंगड चालतं. २५ सेंटिमीटरच्या कलिंगडावर १०० किलोमीटर म्हणजे २ मिलिमीटर, जवळजवळ वरच्या हिरव्या सालीएवढं. मोजून झाल्यावर ते कापावं लागतंच, तेव्हा तास मधल्या सुट्टीच्या आधीचा घ्या. बाटलीचं भोक खिळा तापवून पाडलं तर धार सरळ येते, ते काम मात्र मोठ्यांनी करावं.